परीक्षेच्या दालनातले केळे

२०१७ च्या फेब्रुवारीत सीबीएसईने, म्हणजे केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने, एक लहानसे परिपत्रक काढले. टाइप १ मधुमेह असलेल्या दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेला साखरेच्या गोळ्या, केळे किंवा सफरचंदासारखे फळ, सँडविच आणि पाण्याची छोटी बाटली नेण्याची मुभा त्यात होती. खाद्यपदार्थ पर्यवेक्षकांकडे ठेवायचे आणि गरज पडताच मागून घ्यायचे. भुसावळ-वरणगावच्या केंद्रीय विद्यालयांपासून दिल्लीपर्यंत नियम एकच. एवढी साधी गोष्ट मिळायला २०१७ साल का उजाडावे लागले, हे समजण्यासाठी बरेच मागे जावे लागते. आणि त्या वाटेवर आया भेटतात.

हा आजार मोठ्या माणसांच्या मधुमेहाहून वेगळा आहे. शरीराची संरक्षणयंत्रणाच स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. गोड खाण्याशी त्याचा संबंध नाही. लाडाने गोड भरवले म्हणून असे झाले, हा ठपका मात्र बहुतेक वेळा आईच्याच माथी येतो. बाहेरून रोज इन्सुलिन टोचले नाही तर मूल जगत नाही. टोचलेले इन्सुलिन अन्नाच्या मानाने जास्त झाले तर साखर एकाएकी उतरते, हात थरथरतात, शुद्धही हरपते. परीक्षेतले केळे त्या घटकेसाठी असते.

इन्सुलिन येण्यापूर्वी अशा मुलांचे आयुष्य महिन्यांत, फार तर मोजक्या वर्षांत संपत असे. अमेरिकेतील डॉ. फ्रेडरिक ॲलन यांचा त्या काळचा उपाय म्हणजे जवळजवळ उपासमार: अन्न इतके तोडायचे की साखर वाढूच नये. एलिझाबेथ ह्यूज ही त्यांची रुग्ण. वयाच्या अकराव्या वर्षी, १९१९ मध्ये, तिला मधुमेह झाला. तीन वर्षांत ती हाडांचा सापळा होऊन राहिली. पंधराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर तिचे वजन जेमतेम वीस किलो होते. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरंटोत चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले आणि ती बातमी पसरत गेली. जुलैमध्ये एलिझाबेथची आई अँटोनेट यांनी डॉ. फ्रेडरिक बँटिंग यांना पत्र लिहिले. औषध शिल्लक नाही, असे उत्तर आले. तरी ऑगस्टमध्ये मुलगी टोरंटोला पोहोचली, वाचली आणि १९८१ पर्यंत जगली. आयुष्यभरात तिने सुमारे ४२,००० इंजेक्शने घेतली, असे सांगतात.

ही कथा नेहमी चमत्कार म्हणून सांगितली जाते. पण एलिझाबेथचे वडील चार्ल्स इव्हान्स ह्यूज हे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री होते, हेही त्याच दमात सांगायला हवे. त्याच उन्हाळ्यात बँटिंगना पत्रे लिहिणाऱ्या आया पुष्कळ होत्या आणि औषधाच्या कुप्या मूठभर. एकट्या आईचे पत्र कुठवर पोहोचते, हे ती कोण आहे यावर ठरत होते.

हे गणित बदलले ते १९७० मध्ये. फिलाडेल्फियातील ली ड्युकॅट यांच्या मुलाला मधुमेह होता. इन्सुलिन घ्या, पथ्य पाळा, या सल्ल्यावर त्यांचे समाधान होईना; आजार बरा करण्याचे संशोधन कुठे चालले आहे, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी आणि न्यूयॉर्कच्या कॅरोल लुरी यांच्यासारख्या पालकांनी मिळून ‘जुवेनाइल डायबेटीस फाउंडेशन’ उभे केले. डॉक्टरांच्या संघटना होत्याच. ही पालकांची होती आणि पैसा गोळा करून तो संशोधनाकडे वळवणे हे तिचे काम. पुढे ड्युकॅट यांच्या ध्यानात आले की संशोधकांची अडचण निव्वळ पैशाची नाही, अभ्यासाला मानवी स्वादुपिंडच मिळत नाही. म्हणून १९८० मध्ये त्यांनी दान केलेले मानवी अवयव व ऊती प्रयोगशाळांना पुरवणारी स्वतंत्र संस्था काढली. वैद्यकशास्त्राचे शिक्षण नसलेल्या आईने शास्त्रज्ञांची नेमकी नड ओळखावी, हा या इतिहासातला सर्वांत विलक्षण भाग म्हणावा लागेल. १९९९ पासून ही चळवळ मुलांनाच वॉशिंग्टनमध्ये लोकप्रतिनिधींसमोर उभे करू लागली.

भारतात लढाई याच्या आधीच्या पायरीवर होती. मुंबईत डॉ. शां. शि. आजगावकरांच्या पुढाकाराने १९५५ मध्ये डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली. खानदेशाला लागून, अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे छत्रपती संभाजीनगरात डॉ. अर्चना सारडा यांची ‘उडान’ ही संस्था अशा मुलांना इन्सुलिन पुरवते आणि घरच्यांना ते वापरायला शिकवते. हे शिकवणे औषधाइतकेच मोलाचे. न वापरलेले इन्सुलिन २ ते ८ अंश तापमानात ठेवायचे असते. वापरात काढलेली कुपी सुमारे चार आठवडे बाहेर चालते, पण तीही फार तर २५ ते ३० अंशांपर्यंत.

आता भुसावळजवळचे दीपनगर डोळ्यांसमोर आणावे. औष्णिक वीज केंद्र, त्याची वसाहत आणि मे महिन्यात पंचेचाळीशी गाठणारा पारा. भारनियमनाच्या वर्षांत, वीज जिथे तयार होते त्या परिसरातील खेड्यांतही फ्रिजचा भरवसा धरता येत नव्हता. अशा घरांत उपयोगी पडते ती ओल्या वाळूत बसवलेल्या मातीच्या भांड्याची युक्ती. पाणी लागणार नाही अशा बंद डब्यात घालून कुपी त्या भांड्यात ठेवायची. हवा जितकी कोरडी तितके बाष्पीभवन जास्त, त्यामुळे खानदेशचा कोरडा उन्हाळा इथे थोडा मदतीलाच येतो. वाळू सुकू न देण्याचे काम रोजचे, आणि ते बहुधा आईचे.

घर सांभाळले तरी शाळा उरतेच. वर्गात सुई काढली की कुजबुज होते, मधेच डबा उघडला की शिस्तीचा प्रश्न येतो. २०२२ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने टाइप १ मधुमेहासाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. मार्च २०२३ मध्ये राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने राज्यांच्या शिक्षण मंडळांना कळवले की डॉक्टरांच्या सल्ल्याप्रमाणे अशा मुलांना परीक्षेत आणि एरवी वर्गातही रक्तातील साखर तपासू द्यावी, इन्सुलिन टोचू द्यावे, मधल्या वेळचे खाऊ द्यावे. सोबत ठेवण्याच्या वस्तूंच्या यादीत ग्लुकोमीटर आणि इन्सुलिन पंपाबरोबर बिस्किटे आणि शेंगदाणेही नोंदवलेले आहेत.