करवीर दरबार आणि भोगावतीचे पाणी
१८९४ साली राज्याधिकार हाती येताच, पाठोपाठ ओढवलेल्या दुष्काळांत रयतेची दैना प्रत्यक्ष पाहिलेल्या शाहू छत्रपतींनी, केवळ तगाईने व सारामाफीने हे दैन्य फिटणार नाही, त्यास पाणी, पेठ आणि विद्या या तिहींची जोड हवी, अशा धोरणाने करवीर संस्थानचा कारभार चालविला. १८९५ मध्ये वसविलेल्या शाहूपुरीत गुळाची बाजारपेठ उभी राहिली, १९०६ मध्ये कापडगिरणीची मुहूर्तमेढ रोवली गेली. पण माझ्या मते त्यांच्या दूरदृष्टीचे खरे प्रमाण भोगावती नदीच्या खोऱ्यातच शोधावे. सह्याद्रीच्या कुशीत कोसळून वाहून जाणारे पर्जन्यजल अडवून ते उन्हाळ्यात उसाच्या मळ्यांस मिळावे, म्हणून खजिन्यावर केवढा भार पडेल याची तमा न बाळगता भोगावतीवर राधानगरीचे धरण त्यांनी आरंभिले. १९२२ साली महाराज निवर्तले तेव्हा ते अपुरे होते. स्वातंत्र्यानंतर ते पुरे झाले. धरणामागचे दाजीपूरचे अरण्य, एके काळी संस्थानची राखीव शिकारभूमी, १९५८ मध्ये गव्यांचे अभयारण्य ठरले, आणि त्याच वनराजीतून पाझरणारे पाणी आजही खालच्या शिवारांत खेळते आहे.