रिकामी पेटी आणि खरखरणारा रेडिओ

घराघरांत ज्याला ‘सीपीयू’ म्हणतात, तो खरं तर सीपीयू नसतो. सीपीयू म्हणजे आत बसलेली बिस्किटाएवढी चिप. बाहेर दिसते ती नुसती पत्र्याची पेटी. दुकानदार तिला ‘कॅबिनेट’ म्हणतात आणि संगणकाचा इतिहास लिहिणारे बहुधा तिचं नावही घेत नाहीत. आज बोलायचं आहे ते या पेटीबद्दल. जुन्या सामानातून अशा दोन-तीन पेट्या मी स्वतः बनवल्या आहेत, तेव्हा थोडा पक्षपात होईल, तो चालवून घ्यावा.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये ‘टिफ्रॅक’ हा संगणक कामाला लागला. त्याची पेटी म्हणजे पोलादी कपाटांची रांगच होती, १८ फूट लांब आणि ८ फूट उंच. आत हात घालून दुरुस्ती करता यावी म्हणून दोन्ही बाजूंना दारं. असा संगणक कोणी घरी नेईल, हे तेव्हा स्वप्नातही नव्हतं.

तो घरी आला १९७५ मध्ये, आणि आला तो रिकाम्या पेटीच्या रूपानं. अमेरिकेत अल्बुकर्की गावी एड रॉबर्ट्स यांच्या छोट्या कंपनीनं ‘अल्टेअर ८८००’ हा संगणक तयार केला. त्याचा एकमेव नमुना त्यांनी न्यूयॉर्कला ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाकडे पार्सलनं पाठवला, आणि ते पार्सल वाटेत गहाळ झालं. अंक तर छापायचा होता. मग पुढे बटणं आणि दिवे लावलेला, आतून पोकळ डबा उभा करून त्याचा फोटो जानेवारी १९७५ च्या मुखपृष्ठावर छापला गेला. सुटे भाग घेऊन स्वतः जोडायच्या त्या संगणकाची किंमत होती ३९७ डॉलर. रॉबर्ट्स यांना काही शे मागण्यांची आशा होती, आल्या हजारांनी. लोकांनी डबा पाहिला आणि संगणक मागवला!

त्या खरेदीदारांपैकी एक स्टीव्ह डॉम्पियर. त्यांच्या अल्टेअरशेजारी एक रेडिओ चालू होता. प्रोग्रॅम सुरू केला की रेडिओ चित्रविचित्र आवाज काढू लागे. तारांमधून वीज सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होत असते, त्यामुळे त्या तारा छोट्या एरियलसारख्या वागतात. डॉम्पियर यांनी कोणत्या सूचनेनं कोणता सूर निघतो ते शोधलं आणि एप्रिल १९७५ मध्ये मेन्लो पार्क इथं हौशी मंडळींच्या ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’मध्ये संगणकाकडून बीटल्सचं एक गाणं रेडिओवर वाजवून दाखवलं. ही गोष्ट रेडिओवरच सांगायला मिळते आहे, याची मला मोठी गंमत वाटते.

शेजाऱ्यांना मात्र त्यात गंमत वाटण्याचं कारण नव्हतं. घरोघर संगणक आले तसा टीव्ही-रेडिओत व्यत्यय येऊ लागला. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगानं १९७९ मध्ये संगणकातून निघणाऱ्या लहरींवर मर्यादा घालणारे नियम केले. ‘अटारी’नं आपल्या संगणकांच्या प्लॅस्टिकच्या कवचाआड ॲल्युमिनियमचं जाड ओतीव कवच बसवलं. ‘टीआरएस-८०’चं पहिलं मॉडेल नव्या नियमांत बसेना, ते बंदच करावं लागलं. पेटी म्हणजे केवळ धूळ-उंदरांपासूनचा आडोसा नाही, यंत्राचाच एक भाग आहे, हे तिथपासून सर्वांना कळलं. त्याआधी, १९७६ चा पहिला ॲपल संगणक तर पेटीशिवायच विकला गेला होता. घेणाऱ्यांनी त्याला लाकडाची घरं करून दिली.

याच ‘ॲपल’चा १९८४ चा मॅकिंटॉश मात्र साध्या स्क्रू-ड्रायव्हरनं उघडतच नसे. दिसायला देखणा, पण मालकानं आत डोकावू नये असाच त्याचा रोख होता. मला तो कधीच पटला नाही. उलट ‘आयबीएम’नं १९८१ च्या पीसीचे विद्युत आराखडे पुस्तकात छापून टाकले होते. त्याच्या नकला जगभर निघाल्या. पुढे १९९५ मध्ये ‘इंटेल’नं ‘एटीएक्स’ मोजमापं जाहीर केली. मुख्य बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर, स्क्रूची भोकं अमुक जागी, मागची खिडकी एवढीच. भोकांच्या जागा ठरल्या आणि एकाचा बोर्ड दुसऱ्याच्या पेटीत बसू लागला. लॅमिंग्टन रोडचा ‘असेंबल्ड’ पीसी यावरच उभा राहिला. ज्यांना ब्रँडेड संगणक परवडत नव्हता, अशा हजारो घरांत तो पोहोचला.

माझी शेवटची पेटी याच मापांची. पुण्याच्या जुन्या बाजारातून मोडक्या लोखंडी कपाटाचं दार घेतलं. फॅब्रिकेशनवाल्याकडून पत्रा वाकवून आणला, तो म्हणाला, “साहेब, एवढ्या पैशात नवा डबा येईल की!” हिशेब त्याचा बरोबर होता. भंगारातल्या एका जुन्या पेटीचा मागचा भाग कापून जोडला, कारण ती खिडकी हातानं कोरण्यात फारसा शहाणपणा नाही. बोर्डाखाली पितळी स्पेसर लावले, म्हणजे त्याचे टाके पत्र्याला टेकत नाहीत. आणि खरं काम पुढेच असतं: जिथे पत्र्याला पत्रा भिडतो तिथला रंग कानशीनं खरवडून काढायचा. रंग राहिला तर दोन पत्रे विजेच्या दृष्टीनं वेगळेच राहतात आणि त्या फटीतून लहरी बाहेर निसटतात.

पॉवर सप्लाय मात्र मी जुना वापरला नाही, उघडलाही नाही. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये धक्का द्यायला पुरेशी वीज साठलेली असू शकते.

संगणक सुरू केला आणि शेजारी मिडियम वेव्हवर ट्रान्झिस्टर लावून ठेवला. झाकण उघडं असताना निवेदकाच्या आवाजावर भलतीच खरखर होती. झाकण बसवलं, चारही स्क्रू आवळले. खरखर बरीच खाली गेली आणि बातम्या नीट ऐकू येऊ लागल्या.