स्वस्थ न बसणारी मुलं

गेल्या पावसाळ्यात वसईतल्या नंदाखालला एका जुन्या मित्राकडे गेलो होतो. त्याची केळीची वाडी आहे, कडेला बावखल. मित्राचा आठ वर्षांचा नातू जेवताना चार वेळा उठला आणि एकदा थेट बावखलाच्या काठापर्यंत धावला. डॉक्टरांनी त्याला एडीएचडी असल्याचं सांगितलं होतं. म्हणजे लक्ष टिकत नाही, अंग स्वस्थ राहत नाही. त्यांनी गोळीही सुचवली होती. सून म्हणाली, "काका, गोळी द्यायला मन धजत नाही. आणि न देता वर्ष वाया गेलं तर?" मित्र हसला. "आमच्या वेळी अशी पोरं नव्हती काय? मोठी झाली की आपोआप शहाणी झाली."

मी गप्प राहिलो. माझा धाकटा भाऊ असाच होता. शाळेत त्याचा पाय बाकाला बांधून ठेवत. अम्मीने दर्ग्यावरून ताईत आणला, अब्बांनी छडी आणली. पाचवीत त्याची शाळा सुटली. आज तो टेम्पो चालवतो, संसार नीट करतो; पण हिशेब त्याची बायको लिहिते. माझं एकही पुस्तक त्याने वाचलेलं नाही.

घरी आल्यावर मी या प्रश्नाचा इतिहास वाचायला घेतला. मित्राचं एक म्हणणं खरं निघालं. अशी मुलं पूर्वीही होती. १७९८ मध्ये अलेक्झांडर क्रिक्टन या स्कॉटिश डॉक्टरने लक्ष न टिकणं ही एक व्याधी म्हणून नोंदवली. १९०२ मध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने लंडनमध्ये अशा मुलांवर व्याख्यानं दिली. ही मुलं बुद्धीने कमी नाहीत, हे त्याला दिसलं होतं. पण दोष त्याने त्यांच्या नैतिक संयमाला दिला. आमच्या गुरुजींचंही तेच मत होतं, फक्त त्यांनी व्याख्यान न देता दोरी वापरली.

गोळी आली ती अपघाताने. १९३७ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरने आपल्या संस्थेतल्या मुलांना डोकेदुखीसाठी बेन्झेड्रिन दिलं. हे उत्तेजक औषध. त्याने मुलं अधिक उसळायला हवी होती. पण तीसपैकी जवळजवळ निम्मी अभ्यासात रमू लागली. पुढे १९४४ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत लेआंद्रो पानिझोन याने मिथाइलफेनिडेट तयार केलं. त्याच्या बायकोचं नाव मार्गरीट, लाडाने रीटा. त्यावरून औषध झालं रिटालिन. आपल्याकडे हे औषध १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत येतं, तेव्हा ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं असतं.

विरोधही लवकरच सुरू झाला. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या बेन्जामिन फाइनगोल्ड या डॉक्टरने खाण्यातल्या कृत्रिम रंगांकडे बोट दाखवलं. पुढच्या अभ्यासांत परिणाम दिसला, पण थोडा आणि काही मुलांपुरताच. तरी युरोपात २०१० पासून अशा सहा रंगांच्या पदार्थांवर इशारा छापावा लागतो.

मोठी परीक्षा झाली ती १९९९ मध्ये. अमेरिकेत ५७९ मुलांचे गट पाडून कोणाला औषध, कोणाला वर्तन-प्रशिक्षण, कोणाला दोन्ही दिलं. एक गट नेहमीच्या डॉक्टरांकडेच ठेवला. चौदा महिन्यांनी लक्ष आणि चंचलपणा या बाबतीत औषधाची बाजू वरचढ ठरली. दोन्ही दिलेल्या मुलांना मात्र औषध कमी लागलं आणि पालकही अधिक समाधानी होते. गंमत पुढेच आहे. तीन वर्षांनी पाहिलं, तर गटांमधला फरक उरला नव्हता. दोन्ही पक्षांनी यातला आपल्याला हवा तेवढाच भाग उचलला. ब्रिटनच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी मधला रस्ता धरला. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी आधी पालकांचं प्रशिक्षण. मोठ्या मुलांच्या भोवतालात आधी बदल करायचे आणि तरीही अडचण राहिली तर औषध.

भोवताल बदलणं म्हणजे काय, हे आपल्या पालघर जिल्ह्याला कोणी शिकवायला नको. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम उभं केलं. गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणावर गेली. तिचं नाव कुरणशाळा. ती मुलं आजारी नव्हती, त्यांची अडचण गरिबीची होती; त्यामुळे तो उपचार होता असं मी म्हणणार नाही. पण मूल शाळेत बसत नसेल तर आधी शाळेने जागचं हलावं, हा विचार आपल्या मातीत तेव्हाच रुजला होता.

म्हणून मी मित्राच्या सुनेला फोन केला. म्हटलं, "बेटा, गोळीशिवाय उपचार करता येतो, पण उपचाराशिवाय राहू नका. आमच्या घरी तेच झालं." पुढच्या बाकावरची जागा, एका वेळी एकच काम, अभ्यासाच्या मधे अंगणात दोन फेऱ्या, चांगलं केलं की लगेच शाबासकी; हे सारं त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू केलं. तीन महिन्यांनी डॉक्टर पुन्हा तपासणार होते. गरज पडली तर गोळी द्यायची, त्यात लाज बाळगायची नाही, हेही घरात ठरलं. मित्रानेसुद्धा मान डोलावली.

त्या रात्री भावाला सगळं सांगितलं. तो बराच वेळ ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे भाईजान, मी वाईट नव्हतो ना?" पन्नाशी गाठलेल्या माणसाने हे विचारलं. तुमच्या घरातल्या मुलाला हा प्रश्न इतकी वर्षं सांभाळावा लागू नये.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)