देवळापुढचे वीरगळ

देवळाचा जीर्णोद्धार निघाला की ग्रामस्थ मंडळी आधी शिखर, सभामंडप आणि फरशी यांचा विचार करतात. देवळापुढे पाराला टेकून उभे असलेले, तेल-शेंदराने माखलेले चार कोरीव दगड मात्र कोणाच्या हिशेबात नसतात. पाया खणताना ते बाजूला सारले जातात. पुढे भरावात जातात, नाहीतर पायरीला लागतात. हे दगड म्हणजे वीरगळ, लढून पडलेल्या माणसांची स्मारके होत.

कानडीत 'कल्लु' म्हणजे दगड. 'वीरगल्लु'चा मराठीत वीरगळ झाला. त्यावरील चित्रे खालून वर वाचावयाची असतात. तळाच्या चौकटीत वीर लढताना किंवा पडलेला दिसतो. शेजारी गाई कोरल्या असतील, तर गोधन राखताना त्याला मरण आले असे समजावे. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गास नेतात आणि वरच्या चौकटीत तो शिवलिंगाच्या पूजेस बसलेला असतो. माथ्यावर बहुधा चंद्र-सूर्य असतात. ही स्मृती आचंद्रार्क राहावी हा त्याचा अर्थ. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात असेल तर ती सतीशिळा.

नगर जिल्ह्यात यादवांच्या राजवटीच्या खुणा जागोजागी आहेत, तसे वीरगळही आहेत. श्रीगोंदे तालुक्यात भीमाकाठच्या पेडगावी, किल्ल्यातील भैरवनाथाच्या देवळाजवळ ते पाहावयास मिळतात. या दगडांचा अभ्यास सेत्तर आणि सोन्थायमर यांच्यासारख्या विद्वानांनी केला. त्यांनी संपादिलेला स्मारकशिळांवरील ग्रंथ १९८२ साली निघाला. मात्र महाराष्ट्रातील बहुतेक वीरगळांवर अक्षर नाही. वीर कोण, कोणाशी लढला, कोणत्या साली पडला, काही लिहिलेले नसते. अशा वेळी दगड कोठे उभा आहे, वेशीत की शिवेवर, हाच काय तो पुरावा उरतो. दगड हलला की तोही गेला.

म्हणून काम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक दगडाचे आहे त्या जागी छायाचित्र घ्यावे, मापे व दिशा वहीत लिहून ठेवावी. हलविणे भागच पडले तर साखळी थेट दगडाला न लावता मध्ये गोणपाट घालावे. शेंदूर ही भक्तीची गोष्ट आहे, त्याबद्दल कोणाला दोष देता येणार नाही. पण त्याचे जुने थर छिन्नीने उडवू नयेत, कारण त्यांच्याबरोबर नाकडोळेही जातात. धूळ-शेवाळ साध्या पाण्याने व मऊ ब्रशने काढावे. तारेचा ब्रश, तेजाब आणि वाळूचा मारा वर्ज्य समजावा. ऑइलपेंटने तर कोरीव काम बुजूनच जाते. हौसेने सोनेरी रंग दिलेला वीर पाहिला की तो लढून आला की वरातीतून, असा प्रश्न पडावा!

दुभंगलेला वीरगळ सिमेंटने चिकटवू नये. सिमेंटमधील क्षार दगडात उतरतात आणि पुढे तो जोड दगड फोडल्याखेरीज काढता येत नाही. आत लोखंडी सळई घातली तर ती गंजून फुगते व दगड नव्याने तडकतो. सांधण्याचे काम पुरातत्त्व खात्याच्या सल्ल्याने जाणकाराकडूनच करवून घ्यावे; तोवर दोन्ही तुकडे एकत्र, पाणी साचणार नाही अशा उंच ओट्यावर ठेवणे उत्तम. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी कोरीव शिळा पुरावस्तू ठरते, हेही बांधकाम समितीने ध्यानात ठेवावे.

जुना दगड सांभाळून नवे मंदिर कसे बांधावे, याचे उदाहरण जिल्ह्यातच आहे. नेवाशास ज्या खांबाला टेकून श्रीज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली असे मानतात, तो वीरगळ नव्हे. पण तोही एका पडलेल्या देवळाचा उरलेला दगडच. त्यावरील लेखात करवीरेश्वराच्या अखंड दिव्याच्या तेलासाठी दरमहा सहा रूपके दिल्याची नोंद आहे. मूळ देऊळ गेले, खांब मात्र राहिला. पुढे तेथे मंदिर बांधणाऱ्यांनी खांब मध्यभागी ठेवला आणि भिंती त्याच्याभोवती घातल्या.