नैसर्गिक तंतू-संमिश्रांची अग्निरोधकता

ताग, जवस, अंबाडी, घायपात, काथ्या यांसारखे वनस्पतिजन्य तंतू प्लॅस्टिकमध्ये किंवा राळेत बसवून तयार केलेल्या पदार्थांना नैसर्गिक तंतू-संमिश्रे म्हणतात. मोटारींच्या दारांची आतील आवरणे आणि लाकडाऐवजी वापरावयाचे फलक यांत त्यांचा उपयोग होतो. काचतंतूंपेक्षा हे तंतू हलके असतात व त्यांच्या निर्मितीस ऊर्जाही कमी लागते. मात्र काच जळत नाही, हे तंतू जळतात. त्यामुळे इमारती, रेल्वे व विमाने यांतील त्यांच्या वापरावर मर्यादा येतात.

ज्वलनाची प्रक्रिया

तंतूंमधील हेमिसेल्युलोजचे विघटन सुमारे २२०° से. पासून, तर सेल्युलोजचे साधारणतः ३००° ते ४००° से. दरम्यान होते. त्यातून निघणारी ज्वलनशील बाष्पे पेट घेतात. लिग्निन मात्र सावकाश विघटित होते आणि त्याचा कोळसा अधिक उरतो. पॉलिप्रॉपिलीनसारखे प्लॅस्टिक एकटे जळताना वितळून ठिबकते. त्यात तंतू असल्यास ठिबकणे कमी होते. परंतु समईतील वातीने तेल ओढावे, तसे तंतू वितळलेले प्लॅस्टिक ज्योतीकडे ओढतात.

अग्निरोधनाचे उपाय

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसॅक यांनी १८२१ मध्ये नाट्यगृहांतील कापडासाठी अमोनियम फॉस्फेट, नवसागर व टाकणखार यांचा उपयोग सुचविला होता. आजचे अनेक उपाय याच वाटेने जातात.

अमोनियम पॉलिफॉस्फेट तापले की अमोनिया व फॉस्फरिक आम्ल निर्माण होते. हे आम्ल सेल्युलोजमधील पाण्याचा अंश काढून घेते. परिणामी बाष्पे कमी निघतात व कोळसा वाढतो. वायूमुळे फुगलेला कोळशाचा थर उष्णता आत जाऊ देत नाही आणि प्राणवायूलाही अडवितो. येथे तंतू केवळ इंधन राहत नाही, तर संरक्षक थराचा कच्चा मालही होतो. काचतंतूंना हे साधत नाही.

ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड सुमारे २००° से. पासून विघटित होऊ लागते व आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश पाणी वाफेच्या रूपात सोडते. हा उपाय स्वस्त व बिनविषारी असला, तरी त्याचे प्रमाण बरेचदा निम्म्याहून अधिक ठेवावे लागते. हलकेपणासाठी निवडलेल्या पदार्थात एवढे जड खनिज भरणे विसंगतच ठरते. शिवाय संमिश्राचा चिवटपणा घटतो. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड अधिक तापमानापर्यंत टिकते.

टाकणखार ज्वाळेचा प्रसार रोखतो, तर बोरिक आम्ल ज्वाळेविना होणारे धुमसणे रोखते. म्हणून दोन्ही एकत्र वापरतात. पाण्यात विरघळत असल्याने ओल लागणाऱ्या जागी मात्र ती धुपून जातात. ब्रोमीनयुक्त रसायने प्रभावी असली, तरी त्यांपैकी काही पर्यावरणात दीर्घकाळ टिकून राहतात. डेकाब्रोमोडायफिनाइल ईथरचा समावेश २०१७ मध्ये स्टॉकहोम कराराच्या निर्मूलन-सूचीत करण्यात आला.

चाचण्या

अग्निरोधक याचा अर्थ न जळणारे असा नव्हे. ज्वलन टिकण्यास लागणारे प्राणवायूचे किमान प्रमाण हा एक निकष आहे. कापसासाठी ते सुमारे १८ टक्के, म्हणजे हवेतील २१ टक्क्यांहून कमी असते. मोटारींच्या अंतर्भागासाठी अमेरिकेत आडव्या नमुन्यावर ज्वाळेचा वेग मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा अधिक नसावा, असा नियम आहे. उष्णता मुक्त होण्याचा वेग शंकू-उष्णतामापीने मोजतात. धुराचे मापनही तितकेच आवश्यक असते, कारण आगीतील अनेक मृत्यू भाजण्यापेक्षा विषारी धुरामुळे होतात.