बाटली क्रमांक ५३-एन : सरकारी संशोधनावर लक्ष कुणी ठेवायचं?

मंडळी, प्लेग म्हटलं की पुणेकरांना १८९७ची घरझडती आठवते, रँडचा खून आठवतो. आज आपण त्याच साथीची दुसरी बाजू बघू, प्रयोगशाळेची. मुळशीत बसून मुंबई-पंजाबच्या गोष्टी कशाला, असं कुणाला वाटेल. पण शेवटी आपल्याला इथल्याच वाड्यावस्त्यांवर यायचं आहे.

वाल्देमार हाफकिन हा मूळचा ओडेसाचा शास्त्रज्ञ. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याने प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ला आधी स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर चाचणी झाली. कैदी आपणहून पुढे आले, असं सांगितलं जातं. आता तुरुंगातला माणूस 'आपणहून' पुढे येतो म्हणजे नेमकं काय, हा आमच्या तत्त्वज्ञानवाल्यांचा आवडता प्रश्न. तेव्हा तो विचारायचं काम कुणाकडेच सोपवलेलं नव्हतं.

१८९९ साली ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. मागणी वाढली, लस झपाट्याने तयार करणं भाग पडलं. तेव्हा हाफकिनने पद्धत बदलली. कार्बोलिक आम्लाऐवजी उष्णतेने लस निर्जंतुक करायला सुरुवात केली.

मग आला ३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातल्या मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस टोचली. त्यातले १९ जण काही दिवसांत धनुर्वाताने गेले. हे सगळे १९ एकाच बाटलीतून टोचलेले होते. बाटली क्रमांक ५३-एन. बाकीच्या बाटल्यांतून टोचलेले ८८ जण सुखरूप.

सरकारने चौकशी नेमली. निष्कर्ष निघाला की घाण परळलाच, बाटली भरतानाच शिरली असावी. पद्धत बदलल्याचा ठपका हाफकिनवर आला आणि त्याची प्रयोगशाळा सुटली. इथे जरा थांबा. प्रयोगशाळा सरकारची, टोचण्याची मोहीम सरकारची, चौकशी सरकारची, आणि चौकशीचे कागदही बरीच वर्षं सरकारच्याच कपाटात! लस घाईने करायला लावणाऱ्यांना कुणी काही विचारलं का? गावात बाटली उघडताना काय झालं, याचा नीट छडा लावायची निकड कुणाला वाटली? आमच्या मते हाफकिनवर अन्याय झाला तो यामुळे, एखाद्या अधिकाऱ्याच्या आकसामुळे नव्हे.

कागद बाहेर आले तेव्हा बाहेरच्या शास्त्रज्ञांनी ते तपासले. रोनाल्ड रॉस त्यांत होते. बाटलीत धनुर्वाताचे जंतू आठवडेच्या आठवडे वाढले असते, तर उघडताना दुर्गंधी आली असती. ती आलेली नव्हती. शिवाय बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करताच वापरला गेला, हेही नोंदीत होतं. १९०७च्या अखेरीस हाफकिन निर्दोष ठरला. १९२५मध्ये परळच्या संस्थेला त्याचंच नाव दिलं गेलं. पण कोणाला कोणत्या बाटलीतून टोचलं ही नोंद ठेवली नसती, तर यातलं काहीच सिद्ध करता आलं नसतं. आमच्याकडे नोंदवहीला कारकुनी म्हणून हिणवायची सवय आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो. आणि मेलेल्या १९ जणांची नावं मात्र इतिहासाच्या पुस्तकांत शोधून सापडायची नाहीत.

१९११ साली वैद्यकीय संशोधनाला पैसा पुरवण्यासाठी इंडियन रिसर्च फंड असोसिएशन निघाली. १९४९मध्ये तिचीच आयसीएमआर झाली. पुण्यातली एनआयव्ही तिच्याच छत्राखाली चालते. माणसांवरच्या संशोधनाबद्दल आयसीएमआरने पहिलं नैतिक धोरण मांडलं १९८० साली. मग २०००, २००६ आणि २०१७ला सविस्तर मार्गदर्शक तत्त्वं आली. म्हणजे मुल्कोवालनंतर पाऊणशे वर्षांहून जास्त काळ गेला.

२०१७च्या तत्त्वांनुसार संशोधन सुरू होण्याआधी नैतिकता समितीची परवानगी लागते. समितीचा अध्यक्ष संस्थेबाहेरचा हवा आणि निम्मे सदस्यही बाहेरचे. डॉक्टरांबरोबर कायदा जाणणारा, समाजशास्त्र किंवा तत्त्वज्ञानवाला, आणि एक साधा माणूसही हवा. परळला १९०२ साली जे नव्हतं ते हे. मात्र समिती कागदावर असणं वेगळं आणि तिथल्या साध्या माणसाने तोंड उघडणं वेगळं.

आता मुळशीकडे या. समजा, उद्या ताम्हिणीकडच्या एखाद्या वाडीवर अभ्यासासाठी रक्ताचे नमुने घ्यायचे आहेत. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही, त्यांचा अंगठा घेताना निःपक्ष साक्षीदार लागतो. तिथे पटकन कोण सापडतं? आशाताई. ती भली बाई असते, पण काम आरोग्य खात्याचंच करते. मग ती निःपक्ष कशी? तिला 'नको' म्हणणारी म्हातारी उद्या औषधासाठी तिच्याचकडे जाणार ना? तेव्हा शाळेतले गुरुजी बोलवा, शेजारच्या वाडीतली शिकलेली सून बोलवा, आणि कागद तिच्यासमोर मराठीत, मोठ्याने, सावकाश वाचा. 'नको' म्हणालं तरी दवाखान्यातले उपचार बंद होणार नाहीत, हे वाक्य तर दोनदा वाचा.

चला, आता प्रश्न घेऊ.