बिअरच्या कडवटपणाची गणना

बिअरच्या कडवटपणाची गणना म्हणजे बिअर तयार होण्यापूर्वी, वापरावयाच्या हॉप्सचे वजन, त्यांतील आम्लांचे प्रमाण, उकळण्याचा कालावधी आणि द्रावणाचे आकारमान यांवरून तयार बिअरच्या कडवटपणाचा अंदाज बांधण्याची पद्धत होय. हा कडवटपणा 'आंतरराष्ट्रीय कडवटपणा एकक' (संक्षेप : आयबीयू) या एककात सांगितला जातो. एक एकक म्हणजे स्थूलमानाने एक लिटर बिअरमधील एक मिलिग्रॅम सम-अल्फा आम्ल. लहान प्रमाणावर बिअर तयार करणारे लोक ही गणना सहसा पाककृती-संगणकप्रणालीच्या साहाय्याने करतात. अशा प्रणालीचे उत्तर दशांश चिन्हापर्यंत नेमके दिसत असले, तरी ते मापन नसून अनुमान असते.

संज्ञा

मराठीत 'कडू' आणि 'कडवट' हे शब्द ज्या रसासाठी वापरले जातात, त्याला आयुर्वेदात 'तिक्त' म्हणतात. आयुर्वेदातील 'कटु' रस म्हणजे मराठीतील तिखट. कारले, मेथी व कडुनिंब यांची चव तिक्त रसाची असून बिअरचा कडवटपणाही याच रसात मोडतो. मात्र त्याचा उगम वेगळ्या रसायनांत आहे.

रासायनिक पार्श्वभूमी

हॉप ही भांगेच्या कुळातील वेल आहे. तिच्या मादी फुलोऱ्यांतील पिवळ्या ग्रंथींमध्ये ह्युम्युलोन, कोह्युम्युलोन व ॲडह्युम्युलोन ही अल्फा आम्ले असतात. महाराष्ट्राच्या हवामानात या वेलीची व्यापारी लागवड होत नाही; भारतात हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात ती झाली आहे.

अल्फा आम्ले मुळात पाण्यात फारशी विरघळत नाहीत. माल्टच्या गोड अर्कात, म्हणजे वर्टमध्ये, हॉप्स उकळल्यावर या आम्लांच्या रेणूंची पुनर्रचना होऊन सम-अल्फा आम्ले तयार होतात. या क्रियेला समघटकीकरण म्हणतात. सम-अल्फा आम्ले अधिक विद्राव्य व अधिक कडू असतात. ती लॅक्टोबॅसिलससारख्या काही जीवाणूंची वाढ रोखतात, त्यामुळे हॉप्सचा उपयोग चवीबरोबरच टिकाऊपणासाठीही होतो. ब्रिटिश काळात इंग्लंडहून मुंबई व कोलकाता येथे जहाजाने येणाऱ्या बिअरमध्ये हॉप्सचे प्रमाण जास्त ठेवले जाई, ते याच कारणाने. 'इंडिया पेल एल' हे नाव त्या व्यापाराची आठवण आहे.

घातलेल्या अल्फा आम्लांपैकी जेवढा भाग तयार बिअरमध्ये सम-अल्फा आम्लांच्या रूपाने उरतो, त्याला 'उपयोगिता' म्हणतात. उरलेला भाग समघटकीकरण न झाल्याने, तसेच प्रथिनांचा साका, यीस्ट आणि भांड्याच्या भिंती यांना चिकटून वाया जातो.

प्रयोगशाळेतील मापन

प्रमाणित पद्धतीत वायू काढून टाकलेल्या बिअरमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल घालून आयसोऑक्टेन या द्रावकाने कडू द्रव्ये वेगळी काढतात. त्या द्रावकाची २७५ नॅनोमीटर तरंगलांबीवरील प्रकाशशोषकता मोजून तिला ५० ने गुणले की आयबीयू मिळतो. या तरंगलांबीवर पॉलिफेनॉल व ऑक्सिडीकृत आम्ले यांसारखी अन्य द्रव्येही प्रकाश शोषतात. म्हणून मोजलेला आयबीयू आणि सम-अल्फा आम्लांचे खरे प्रमाण नेहमी तंतोतंत जुळत नाहीत.

प्रचलित सूत्रे

संगणकप्रणालींमध्ये मुख्यतः तीन सूत्रे आढळतात. जॅकी रेगर, मार्क गॅरेट्झ आणि ग्लेन टिन्सेथ यांनी ती १९९० च्या दशकात मांडली. सध्या टिन्सेथ यांचे सूत्र सर्वाधिक वापरात आहे. त्याचे दोन टप्पे असे :

अल्फा आम्ल (मिलिग्रॅम प्रति लिटर) = हॉप्सचे वजन (ग्रॅम) × अल्फा आम्लाचा अंश × १००० ÷ आकारमान (लिटर)

उपयोगिता = १.६५ × (०.०००१२५ चा 'गुरुत्व वजा १' हा घात) × (१ − ई चा '−०.०४ × मिनिटे' हा घात) ÷ ४.१५

या दोन संख्यांचा गुणाकार म्हणजे आयबीयू. येथे 'गुरुत्व' म्हणजे वर्टचे विशिष्ट गुरुत्व आणि 'ई' म्हणजे नैसर्गिक लॉगरिदमचा पाया (सुमारे २.७१८).

उदाहरण

वर्ट २० लिटर, गुरुत्व १.०५० आणि हॉप्समधील अल्फा आम्ल ५ टक्के असे मानू. उकळीच्या आरंभी, ६० मिनिटांसाठी, ३० ग्रॅम आणि शेवटच्या १५ मिनिटांसाठी २० ग्रॅम हॉप्स घातले.

पहिल्या भागातून ३० × ०.०५ × १००० ÷ २० = ७५ मिलिग्रॅम प्रति लिटर अल्फा आम्ल मिळते. उपयोगिता ०.२३१ असल्याने १७.३ एकके होतात. दुसऱ्या भागातून ५० मिलिग्रॅम प्रति लिटर मिळते, उपयोगिता ०.११४ असल्याने ५.७ एकके होतात. एकूण कडवटपणा सुमारे २३ एकके.

हेच आकडे रेगर यांच्या सूत्रात घातल्यास ६० मिनिटांची उपयोगिता सुमारे ३१ टक्के व १५ मिनिटांची सुमारे ८ टक्के येते आणि बेरीज २७ एककांवर जाते. पाककृती तीच असूनही सूत्र बदलताच चार एककांचा फरक पडतो. त्यामुळे दुसऱ्याची पाककृती वापरताना ती कोणत्या सूत्राने मांडली आहे, हे पाहणे आवश्यक ठरते.

चुकांची सामान्य कारणे

आकारमान : सूत्रात उकळीनंतर उरलेल्या वर्टचे आकारमान अपेक्षित असते. अनेकदा त्याऐवजी किण्वनपात्रात किंवा बाटल्यांत गेलेले आकारमान भरले जाते. उकळते वर्ट थंड झाल्यावर सुमारे ४ टक्क्यांनी आकुंचन पावते, हेही लक्षात घ्यावे लागते.

हॉप्सचे वय : अल्फा आम्ले साठवणीत कमी होत जातात. उष्णता व हवा यांमुळे ही घट वाढते. वेष्टनावरील टक्केवारी ही तपासणीच्या दिवसाची असते. भारतात आयात हॉप्स दीर्घ प्रवास करून येत असल्याने त्यांचे हवाबंद वेष्टन आणि शीतसाठवण यांना महत्त्व आहे.

गुरुत्व : वर्ट जितके दाट, तितकी उपयोगिता कमी. वरील उदाहरणात गुरुत्व १.०८० असते, तर पहिल्या भागाची १७.३ एकके घटून १३.२ झाली असती. एक किलो शुद्ध साखर २० लिटर वर्टचे गुरुत्व सुमारे ०.०१९ ने वाढवते. कोल्हापुरी गुळात पाणी व अविद्राव्य अंश असल्याने वाढ किंचित कमी होते. गूळ उकळीच्या अखेरीस घातला, तर आधीचा बहुतेक काळ वर्ट पातळ राहते. संगणकप्रणालीत घालण्याची वेळ नोंदवली नाही, तर गूळ आरंभापासूनच आहे असे गृहीत धरले जाऊन कडवटपणा कमी दाखवला जाण्याची शक्यता असते.

उकळीनंतरचा काळ : आच बंद केल्यावर समघटकीकरण लगेच थांबत नाही. मार्क मालोविकी व थॉमस शेलहॅमर यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गतिमापनानुसार १०० अंश सेल्सिअसच्या तुलनेत ९० अंशांना या क्रियेचा वेग सुमारे ४२ टक्के आणि ८० अंशांना सुमारे एक षष्ठांश असतो. वर्ट सावकाश थंड होत असेल, तर अखेरीस घातलेले हॉप्सही कडवटपणा वाढवतात. टिन्सेथ यांचे मूळ सूत्र मात्र शून्य मिनिटांना शून्य एकके देते.

उंचीचा परिणाम

समुद्रसपाटीपासून उंच ठिकाणी हवेचा दाब कमी असल्याने पाणी कमी तापमानाला उकळते. कोल्हापूर शहर सुमारे ५७० मीटर उंचीवर असून तेथे पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे ९८ अंश सेल्सिअस आहे. वरील गतिमापनानुसार या तापमानाला समघटकीकरणाचा वेग सुमारे १५ टक्क्यांनी कमी होतो.

हा कमी वेग टिन्सेथ यांच्या सूत्रातील कालघटकात घातल्यास उदाहरणातील पहिला भाग १७.३ वरून १६.५ वर, तर दुसरा ५.७ वरून ५.० वर येतो. दीर्घ उकळीत घट सुमारे ५ टक्के, तर अल्प उकळीत ती सुमारे १२ टक्के आहे. एकूण कडवटपणा २३ ऐवजी २१.५ होतो. गॅरेट्झ यांच्या सूत्रात उंचीसाठी वेगळा गुणक असून त्यानुसार कोल्हापूरच्या उंचीवर उपयोगिता ६ ते ७ टक्क्यांनी घटते. मुंबईसाठी अशी दुरुस्ती अनावश्यक आहे. महाबळेश्वरच्या उंचीवर ती बरीच मोठी होईल. तथापि कोल्हापुरात उंचीमुळे पडणारा दीड एककाचा फरक हा सूत्र बदलल्याने पडणाऱ्या चार एककांच्या फरकापेक्षा कमी आहे. म्हणून आधी आकारमान, हॉप्सचे वय आणि सूत्र निश्चित करून मगच उंचीची दुरुस्ती करणे सयुक्तिक ठरते.

अचूकता वाढविण्याची पद्धत

कोणतेही सूत्र एका विशिष्ट उपकरणसंचावरील निरीक्षणांतून घडलेले असते. म्हणून एकच सूत्र कायम ठेवणे, प्रत्येक वेळी आकारमान व गुरुत्व प्रत्यक्ष मोजणे आणि शक्य असल्यास तयार बिअरचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घेणे हा मार्ग स्वीकारला जातो. समजा, गणनेने ३० एकके दर्शवली आणि मापनात २४ आढळली, तर त्या उपकरणसंचासाठी ०.८ हा दुरुस्ती-गुणक मिळतो. अशा दोन-तीन तपासण्यांची सरासरी पुढील पाककृतींना लावता येते.

कायदेशीर स्थिती

अमेरिकेत १९७८ मध्ये संमत झालेल्या संघीय कायद्याने स्वतःच्या वापरासाठी घरी बिअर तयार करण्यावरील कर व निर्बंध सैल झाले आणि तेथे हा छंद वाढीस लागला. बहुतेक संगणकप्रणाली त्या वातावरणात घडल्या आहेत. महाराष्ट्रातील स्थिती वेगळी आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमाने (सध्याचे नाव : महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम) कलम १२ अन्वये परवान्याविना मद्यनिर्मितीस मनाई केली आहे. घरगुती वापर हा त्याला अपवाद नाही. त्यामुळे राज्यात या गणनेचा वैध उपयोग राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना असलेल्या कारखान्यांत व मायक्रोब्रुअरींमध्ये होतो. पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेली 'दूलाली' ही अशा आरंभीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक होय.

मर्यादा

आयबीयू हे द्रव्याचे माप आहे, जिभेला जाणवणाऱ्या चवीचे नाही. गव्हाच्या जर्मन बिअरमध्ये सामान्यतः ८ ते १५, तर अमेरिकी इंडिया पेल एलमध्ये ४० ते ७० एकके असतात. परंतु समान एककांच्या दोन बिअरपैकी जिच्यात किण्वनानंतर साखर अधिक उरते, ती कमी कडू लागते. किण्वनाच्या वेळी थंड अवस्थेत घातलेल्या हॉप्समधील ह्युम्युलिनोनसारखी द्रव्येही चव बदलतात आणि प्रचलित सूत्रे त्यांची दखल घेत नाहीत. गणनेचा खरा उपयोग एका पाककृतीची दुसरीशी तुलना करणे आणि तीच चव पुन्हा साधणे यासाठी आहे.